गेटसमोरच्या उतारावर ढकलून पाहा, मग गाडी ठरवा

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की साठी झाली म्हणून मोटरसायकल सोडायची काही गरज नाही, फक्त ती निवडायची पद्धत बदलावी लागते, अन् त्यावर इतकी पत्रं आली की सगळी घेणं शक्य नाही. सहा घेतोय. नाव छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय म्हणून नुसतं वय अन् नागपुरातली वस्ती देतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६३. २४ वर्षं स्प्लेंडर चालवली, अजून चालवतो. तरुणपणापासून बुलेटची इच्छा होती पण तेव्हा पैसे नव्हते, नंतर मुलांची शिक्षणं. आता पैसे आहेत तर मुलगा म्हणतो बाबा, ॲक्टिव्हा घ्या. उंची ५ फूट ४ इंच, वजन ६१ किलो, उजवा गुडघा जिना चढताना दुखतो. बुलेट घेऊ की नको, स्पष्ट सांगा. (मानेवाडा)

गुरुजी, इच्छा चाळीस वर्षं टिकली म्हणजे ती खरी आहे, तिला म्हातारपणची हौस म्हणून कोणी बाजूला सारत असेल तर ऐकू नका. पण शोरूमला जायच्या आधी घरी एक काम करा. तुमच्या गेटसमोर नालीवरून रस्त्यावर उतरणारा सिमेंटचा उतार असेल, आपल्याकडे बहुतेक घरांना असतो. स्प्लेंडर बंद करा, न्यूट्रलमध्ये घ्या, तोंड रस्त्याकडे ठेवून मागे मागे ढकलत त्या उतारावरून आत न्या, मग डबल स्टँडवर लावा. हे करताना दम लागला का, गुडघ्यात कळ आली का, कंबर धरली का ते पाहा. स्प्लेंडर ११२ किलोची आहे. बुलेट ३५० ही १९५ किलोची. म्हणजे ८३ किलो जास्त, २५ किलोचे तांदळाचे तीन कट्टे अन् वर थोडं, हे सगळं त्याच उतारावरून तुम्हाला रोज मागे ढकलायचं आहे.

मी हे एवढं ताणून सांगतोय कारण चालती गाडी कोणालाच जड वाटत नाही. दुसरा गिअर पडला की १९५ किलो पण फुलासारखी जाते. माझ्या ओळखीतले साठीच्या वरचे जेवढे जण पडले ते जवळपास सगळे उभ्या गाडीवरून पडले, पेट्रोल पंपावर, गेटमध्ये, सिग्नलला, यू टर्न घेताना. मी स्वतः ६१ व्या वर्षी पंपाच्या लाइनीत पडलो. डावा पाय टेकला तिथे ऑइल अन् बारीक रेती होती, पाय सरकला, गाडी डावीकडे झुकली अन् मी ती धरून ठेवायला गेलो. झुकलेली बुलेट हातानं धरून राहत नाही. खांदा असा ओढल्या गेला की चार महिने शर्ट घालायला बायकोची मदत लागली. तेव्हापासून माझा नियम एकच, गाडी झुकायला लागली अन् एका क्षणात सावरली नाही तर सोडून द्यायची अन् आपण बाजूला व्हायचं. आरसा दोनशेचा येतो, खांदा येत नाही.

आता उंचीचं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये वरपर्यंत नीट दाबा, भिंतीवर पेन्सिलनं खूण करा अन् जमिनीपासून मोजा. तुमच्या उंचीला ते माप साधारण ७४-७५ सेंटीमीटर येईल. बुलेट अन् क्लासिक दोन्हींची सीट ८०५ मिलिमीटर आहे, शिवाय रुंद आहे, त्यामुळे मांड्या फाकतात अन् पाय अजून आखूड पडतो. बूट घालून, सस्पेन्शन थोडं दबून, तुमचे चवडे टेकतील, टाचा नाही टेकणार. तिशीत चवड्यावर भागतं, पण ६३ ला दुखरा गुडघा असताना निदान एका पायाची टाच पक्की टेकली पायजे असं माझं मत आहे.

म्हणून बुलेटच्याच घरातली मीटिऑर ३५० आधी बसून पाहा. इंजिन तेच ३४९ सीसीचं, आवाज थोडा वेगळा पण जात तीच, सीट ७६५ मिलिमीटर. वजन मात्र १९१ किलो आहे, ते काही कमी झालं नाही, फक्त पाय पक्के टेकल्यामुळे पेलायला सोपं जातं. तिचे फूटरेस्ट पुढे आहेत म्हणून गुडघा कमी वाकतो, तुमच्या दुखण्याला ते बरं, पण एक गोष्ट शोरूमवाला सांगणार नाही ती मी सांगतो, पाय पुढे गेले की खड्ड्याचा दणका पायावर उचलून घेता येत नाही, सरळ माकडहाडावर येतो. ज्यांची कंबर आधीच धरलेली त्यांनी ही गाडी घेऊ नये. त्याच घरातली हंटर १८१ किलोची, सीट ७९०, दिसायला पोरांची गाडी वाटते पण शहरात वळवायला फार सोपी. होंडाची हायनेस पण १८१ चीच, सीट ८००, इंजिन अगदी मऊ. अन् मन थोडं मोकळं ठेवलं तर युनिकॉर्न आहे, १६३ सीसी, १४० किलोच्या आसपास, मी सध्या तीच चालवतो, तिला कोणी वळून पाहत नाही पण दीडशे किलोमीटर करून उतरलो तरी कंबर जागेवर असते.

आणखी एक, हे तुम्हाला कोणीच सांगितलं नसेल. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. बुलेटला पहिला खाली अन् बाकी चार वर उचलायचे. २४ वर्षांची पायाची सवय आहे तुमची, निवांत असताना चूक होणार नाही पण समोर कुत्रं आलं, घाई झाली की पाय आपोआप जुनं करतो, गिअर वाढवायला म्हणून पुढे दाबाल अन् गिअर कमी होऊन गाडीला एकदम झटका बसेल. म्हणून नवी गाडी आली की पहिला महिना स्प्लेंडरला हातच लावू नका. एक दिवस ही एक दिवस ती असं केलं की पाय कोणतंच शिकत नाही.

ब्रेकचं पाहून घ्या. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय, आहे, पण काहींना फक्त पुढच्या चाकाला असतं अन् काहींना दोन्हींना. दोन्हींना असलेली घ्या, त्यासाठी पाच-सात हजार जास्त गेले तरी चालतील. आपल्या हाताची पकड अन् नजर दोन्ही पहिल्यासारखी चटकन नसते, मग घाबरून ब्रेक जोरात दाबल्या जातो, तेव्हा चाक लॉक न होणं म्हणजे काय ते मला काटोल रोडला रोही (नीलगाय) आडवी आली तेव्हा कळलं. किमतीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला आहे, ३४९ वाल्या सगळ्या त्यात बसतात, चारशेच्या घरातल्या मात्र ४० टक्क्यांत गेल्या.

तर स्पष्ट उत्तर असं. शोरूममध्ये टेस्ट राइड नंतर घ्या, आधी बंद बुलेट दहा पावलं मागे ढकलून दाखवा, डबल स्टँडवर दोनदा लावा-काढा. ताकद लावायची नाही, उजव्या पायाचा पूर्ण भार स्टँडच्या दांडीवर द्यायचा, हातानं नुसतं मागे धरायचं, गाडी आपोआप चढते. हे श्वास न चढता जमलं तर बुलेट घ्या अन् मुलाला माझं नाव सांगा. नाही जमलं तर मीटिऑर किंवा हंटर. ॲक्टिव्हा भाजी आणायला चांगली आहे, पण तुम्ही मागितलं ते दुसरंच आहे.

प्रश्न : माझं वय ५६, बँकेत नोकरी. १९८७ मध्ये लुना चालवायची, मग स्कूटी, आता ॲक्टिव्हा. गिअरची मोटरसायकल कधीच शिकले नाही, घरात भावांना शिकवलं, मला नाही. आता शिकावंसं वाटतं. उशीर झाला का? लायसन्स आहे ते चालेल का? (त्रिमूर्तीनगर)

ताई, बिलकुल उशीर झाला नाही. उलट तुमचं अर्धं काम झालेलं आहे, कारण रहदारीत नजर कुठे ठेवायची, खड्डा कुठून टाळायचा, सिटी बस कशी दाबते हे सगळं तुम्हाला ३५ वर्षांपासून येतं. शिकायचं फक्त डाव्या हाताचं क्लच अन् डाव्या पायाचा गिअर.

लायसन्सचं आधी पाहा, त्यावर विनागिअर लिहिलं असेल तर त्यावर मोटरसायकल चालवता येत नाही, अपघात झाला तर विमावाले तिथेच अडवतील. नवा वर्ग जोडावा लागतो. आधी लर्निंग, ते ६ महिने चालतं, अन् ३० दिवस झाले की पक्क्याची टेस्ट देता येते. ४० च्या वर वय असल्यामुळे डॉक्टरचं फॉर्म १ए, म्हणजे तब्येतीचं सर्टिफिकेट, लागेल. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी साइटवर घरून होतो.

शिकायला नवी गाडी घेऊ नका. घरातली, भावाची, कोणाची तरी जुनी १०० सीसी घ्या, पडली तरी जीव जळणार नाही अशी. रविवारी सकाळी सहाला मोकळं मैदान पाहा. पहिले दोन दिवस ॲक्सिलेटरला हातच लावायचा नाही. पहिला गिअर टाकून क्लच इतकं हळू सोडायचं की गाडी स्वतःच गोगलगाईसारखी सरकेल, चार पावलं गेली की परत दाबायचं, पाय जमिनीच्या वर दोन इंच. हे शंभरदा करा. क्लच जिथे धरतं ती जागा डाव्या हाताच्या बोटांना कळली की मोटरसायकल आली असं समजा, बाकी सगळं त्यावरच आहे. शिकवायला नवरा किंवा मुलगा नको, ओळखीचं पण घरचं नसलेलं कोणी पाहा, घरचे लोक मागून ओरडतात अन् त्यानं हात आखडतो.

अन् एक सवय मोडावी लागेल. ॲक्टिव्हाला डाव्या हातात मागचा ब्रेक असतो, मोटरसायकलला तिथे क्लच आहे. घाबरल्यावर डावा हात आवळाल अन् गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटेल. म्हणून मैदानातच उजव्या पायाचा अन् उजव्या हाताचा ब्रेक सोबत दाबायचा सराव रोज वीस वेळा करा, कंटाळा आला तरी करा. नंतर घ्यायची झाली तर शाइन १२५ पाहा, ११४ किलोच्या आसपास आहे. ॲव्हेंजरची सीट ७३७ मिलिमीटर, खूप खाली, म्हणून बायकांना तीच सुचवतात, पण ती लांब अन् जड आहे, हँडल पण लांब, गल्लीत वळवताना त्रास होतो. पहिली गाडी हलकी, मग पुढचं पुढे.

प्रश्न : वय ७१. वाड्यात १९८४ ची येझदी १२ वर्षांपासून झाकून ठेवली आहे. भंगारवाला येऊन विचारून जातो. मला ती परत चालू करायची आहे. जमेल का, की उगाच खर्च? (महाल)

काका, भंगारवाल्याला परत येऊ नको म्हणून सांगा. जमतं. पण आजच उत्साहानं किक मारू नका. बारा वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात, जोर लावला तर ओरखडे पडतील. प्लग काढा, भोकातून दोन चमचे ऑइल सोडा, दोन दिवस राहू द्या, मग प्लग न लावता हातानं किक हळूहळू खाली दाबून पाहा. इंजिन फिरलं तर अर्धी लढाई जिंकली.

मग टाकी. जुनं पेट्रोल उघडून वास घ्या, रंगाच्या डब्यासारखा आंबट वास येईल, ते सगळं काढून टाका अन् टॉर्च मारून आतला गंज पाहा. गंज साफ न करता पेट्रोल भरलं तर कार्ब्युरेटर दर आठवड्याला उघडावा लागेल. आता एक नवी अडचण आहे, पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे अन् तुमच्या गाडीचे रबरी पाइप, वॉशर, सील त्या जमान्यातले, इथेनॉलनं ते फुगतात, मऊ पडतात. सगळं रबर एकदाच बदलून घ्या, अन् इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं म्हणून टाकीत महिना महिना पेट्रोल ठेवू नका, थोडं भरायचं अन् फिरवून संपवायचं. टू स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं हे तुम्हाला सांगायला नको. टायर कसेही दिसत असले तरी फेका, बारा वर्षांचं रबर लाकूड झालेलं असतं.

कागदांचं पण पाहा. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी अन् नंतर दर ५ वर्षांनी वाढवावं लागतं, सोबत पर्यावरण कर, पीयूसी, विमा, अन् १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणून नवी एचएसआरपी, म्हणजे जास्त सुरक्षेची नंबर पाटी. मिस्त्रीकडे पैसे टाकायच्या आधी आरटीओत विचारून घ्या, बारा वर्षांचा खाडा आहे म्हणजे दंड असणार.

अन् ७१ व्या वर्षी किक. येझदीला किक अन् गिअरची दांडी एकच, आत दाबून वर उचलली की किक होते, हे नव्या पोरांना दाखवलं की ते डोळे विस्फारून पाहतात. नीट सुरात लावलेली येझदी दुसऱ्या किकला उठते. चार-पाच किक लागायला लागल्या की तुमच्या गुडघ्याला दोष देऊ नका, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं अंतर पाहून घ्या. रोजच्या कामाला दुसरी गाडी ठेवा, हिला रविवारी सकाळी महालातून बडकस चौकापर्यंत न्या, तर्री पोहे खा अन् घरी या. तेवढ्यात दहा जण तरी थांबवून विचारतील.

प्रश्न : शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे, मागच्या वर्षी एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं बाकी आहे. वय ६६. गाडी चालवू का? (जरीपटका)

हे डॉक्टरला विचारायचं आहे, मी फक्त विचारायला काय काय न्यायचं ते सांगतो. रात्री समोरच्या गाडीच्या लाइटभोवती वलय दिसतं का, ते दिसत असेल तर दुसऱ्या डोळ्याचं होईपर्यंत अंधारात चालवणं बंद. पायाच्या तळव्यांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, शुगरवाल्यांना होतो, अन् मग मागचा ब्रेक किती दाबल्या जातोय ते पायाला कळतच नाही. बीपीची गोळी घेतल्यावर उठताना चक्कर येते का. सर्दीची गोळी घेतली की झोप येते, त्या दिवशी गाडी नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी निघायचं नाही, कधीच नाही, खिशात ग्लुकोज किंवा गूळ ठेवा अन् हात थरथरले, घाम सुटला तर पुढचा चौक गाठू असं न म्हणता तिथेच बाजूला घ्या. ज्यांची बायपास झाली त्यांच्यासाठी, छातीचं हाड सांधायला साधारण ३ महिने जातात, टाके सुकले म्हणजे हाड जुळलं असं नाही, सर्जन हो म्हणेपर्यंत हँडल धरायचं नाही.

प्रश्न : आम्ही चार मित्र, सगळे ६० ते ६८. समृद्धी महामार्गानं मोटरसायकलवर शिर्डीला जायचं ठरवतोय, एका दिवसात होऊन जाईल म्हणतात. अन् एरवी नागपूरजवळ कुठे जावं? उन्हाळ्यात काय करावं? (धरमपेठ)

समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही भाऊ. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला तेव्हापासून नाही. अन् असती तरी मी नको म्हटलं असतं, सरळसोट काँक्रीट, सावली नाही, वळण नाही, डोळे मिटायला लागतात अन् तापलेल्या काँक्रीटवर टायरचा जीव जातो. शिर्डीला जायचंच तर जुन्या रस्त्यानं तीन दिवस ठेवा, पहिला मुक्काम अमरावती किंवा कारंजा, दुसरा सिंदखेडराजा-जालना पट्ट्यात, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शिर्डी. साठीनंतर दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर हा खरा मजेचा आकडा आहे, त्याच्या पुढे नुसतं अंतर कापणं होतं. दर ४५ मिनिटांनी थांबायचं, लघवी लागो न लागो, उतरून शंभर पावलं चालायचं. चौघांत ज्याला सर्वात आधी थांबावंसं वाटतं त्याचं ऐकायचं, अन् तो सर्वात पुढे चालेल, वेग तो ठरवेल.

जवळचं म्हणाल तर माझा आवडता रस्ता रामटेकचा, ५० किलोमीटर. कामठी-कन्हान ओलांडेपर्यंत ट्रक असतात म्हणून पहाटे साडेपाचला निघायचं, मनसरला उजवीकडे वळलं की एकदम शांत. मागच्या जानेवारीत गेलो तेव्हा इतकं धुकं होतं की गड दिसतच नव्हता, खिंडसीच्या काठाला टपरीवर थांबलो, चहावाल्यानं ग्लास दिला तर हातमोजे काढल्यावर बोटं वळत नव्हती, दोन्ही तळव्यात ग्लास धरून उभा राहिलो. पाच-दहा मिनिटांत ऊन वर आलं अन् आधी गडावरच्या देवळाचे कळस दिसले, खालचा डोंगर नंतर. गाडीचं इंजिन थंड होताना टक टक वाजत होतं. चारचाकीत काच लावून गेलो असतो तर यातलं मला काय मिळालं असतं?

तिथूनच पुढे सिल्लारीपर्यंत जाता येतं, पेंचचं जंगल, ७० च्या आसपास. सेवाग्राम ७५, वर्धा रोड बुटीबोरीपर्यंत गर्दीचा पण नंतर बरा, आश्रमात बापू कुटीसमोर झाडाखाली बसून परत यायचं. अदासा सकाळचं, नाश्त्याआधी होऊन जातं. बोर धरण पावसाळ्यानंतर. जंगलाच्या रस्त्यांवर सूर्य मावळायच्या आत घरी, रोही अन् रानडुक्कर संध्याकाळीच रस्त्यावर येतात.

उन्हाळ्याचं साधं आहे. एप्रिल-मे मध्ये साडेपाच ते साडेआठ, तेवढंच. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, तर गाडी झाकूनच ठेवा, पारा ४५ च्या वर असताना हवा गार करत नाही, भाजते, अन् घाम वाऱ्यानं लगेच सुकतो म्हणून पाणी किती गेलं ते कळतच नाही. आपल्या वयात तहान उशिरा लागते. म्हणून तहान लागायची वाट न पाहता प्रत्येक थांब्यावर अर्धा ग्लास, ताक असेल तर उत्तम. हवा सकाळी टायर थंड असताना तपासा, तापल्यावर आकडा जास्तच दाखवतो अन् तुम्ही उगाच कमी करून बसाल.

हेल्मेट अन् दुपट्ट्याचं बोलायचं राहिलं. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळे डोक्याला दुपट्टा गुंडाळून वर हेल्मेट चढवतात. जाड दुपट्ट्यावर हेल्मेट नुसतं ठेवलेलं असतं, बसलेलं नसतं, पट्टा लावूनही ते मागे ओढलं की निघून येतं, मी मित्राचं असं एका हातानं काढून दाखवलं. आतून पातळ सुती टोपी घाला अन् दुपट्टा मानेभोवती. हेल्मेट आयएसआयचं, म्हणजे आयएस ४१५१ लिहिलेलं, अन् चष्मावाल्यांनी चष्मा लावूनच माप घ्यायचं.

प्रश्न : वडील ७४, नागपुरात एकटे, आम्ही पुण्याला. रोज मोटरसायकलनं बाजारात जातात. मागच्या महिन्यात एका कारला घासले, आम्हाला सांगितलं नाही, शेजाऱ्यांकडून कळलं. पुढच्या वेळी आलो की किल्ली लपवून ठेवावी असं बहीण म्हणते. (वडील खामल्यात)

किल्ली लपवू नका. ते दुसरी करून आणतील, अन् मग कुठे धडपडले तर तुम्हाला अजिबात कळू देणार नाहीत. आताही सांगितलं नाही ते याच भीतीनं की गाडी जाईल. त्या गाडीवर त्यांचा बाजार आहे, मित्र आहेत, बँक आहे, कोणाला फोन करून मला सोड रे म्हणावं लागत नाही हे आहे. ते काढून घेताना हातात काय देणार आहात ते आधी ठरवा.

तुम्ही याल तेव्हा एका सकाळी त्यांना म्हणा बाबा, तुम्ही पुढे चला, मी मागून येतो, अन् दुसऱ्या गाडीवर त्यांच्या मागे वीस मिनिटं चालवा. काही बोलू नका, फक्त पाहा. वळल्यावर इंडिकेटर चालूच राहतो का. चौकात मान वळवून दोन्हीकडे पाहतात की नुसते पुढे पाहत निघतात. सिग्नल लाल झाल्यावर ब्रेक किती उशिरा लागतो. हळू चालवताना दोन्ही पाय खाली सोडून घासत चालतात का. मागचे सारखे हॉर्न देतात का. अन् सर्वात महत्त्वाचं, रोजचं ओळखीचं वळण चुकतात का. घरी आल्यावर लेग गार्ड अन् आरशांवर नवे ओरखडे आहेत का तेही पाहून घ्या. यातलं एखादं दिसलं तर डोळे, कान, औषधं तपासून घ्या, बरेचदा नुसता चष्म्याचा नंबर निघतो. तीन-चार दिसले, किंवा वळण चुकताना दिसले, तर गाडी थांबवायची वेळ आली आहे.

५५ नंतर लायसन्स ५-५ वर्षांसाठीच वाढतं अन् दरवेळी डॉक्टरचं फॉर्म १ए लागतं. त्यांचं कधी संपतं ते पाहा. डॉक्टरांना आधी सगळं खरं सांगून ठेवा, सही मिळावी म्हणून नाही, तपासणी नीट व्हावी म्हणून. मुलानं नको म्हटलं तर अपमान वाटतो, डॉक्टरनं म्हटलं तर वाटत नाही.

एकदम बंद करायची गरज नसेल तर एक एक कमी करा. आधी रात्र, मग पाऊस, मग वर्धा रोड. खामल्यातल्या खामल्यात सकाळी दहाच्या आधी, एवढं ठेवा. माझ्या मोठ्या भावाचं असंच झालं, ७६ व्या वर्षी. आम्ही कोणी बोललो नाही, एक दिवस सोमलवाड्याच्या वळणावर त्यांना दोन मिनिटं समजेना कुठे जायचं ते, घरी आले अन् किल्ली माझ्यासमोर टेबलवर ठेवली. आता ती गाडी माझ्याकडे आहे. दर रविवारी ते येतात, स्वतः फडकं घेऊन टाकी पुसतात, टायरची हवा पाहतात, मग हेल्मेट घालून माझ्या मागे बसतात अन् आम्ही फुटाळ्याला जातो. रस्त्यात तिसरा टाक, तिसरा टाक म्हणून सांगत असतात अन् बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

तुम्ही पुण्याहून दर रविवारी येऊ शकणार नाही. पण त्यांच्या मित्रांपैकी कोणी अजून गाडी चालवत असेल तर त्यांच्याशी आताच बोलून ठेवा, अन् दुसरं हेल्मेट त्यांच्या मापाचं घेऊन द्या. मागून पाहून झालं की काय दिसलं ते मला लिहा.